शेरा

आचारसंहिता लागली की माझ्या टेबलापुढे रांग लागते.
लायसन्सची झेरॉक्स, आधार कार्ड,
आणि रुमालात, बुटांच्या खोक्यात,
एकाने तर पोळ्यांच्या डब्यात
फडक्यात गुंडाळून आणलेलं रिव्हॉल्व्हर.
बाहेर त्रेचाळीस डिग्री. कूलरचा वाळा
दोन उन्हाळ्यांपूर्वीच झडला, नुसती मोटर गरगरते.
मेश्राम सिलिंडर उघडून घरं रिकामी पाहतो,
मी लिहिते. बोअर, मेक, नंबर. नग एक.

यंदा साहेबांनी एक प्रश्न वाढवलाय:
लॉक आहे का, किल्लीचं, आतलं?
विचारलं, आणि रांगेला वाचा फुटली.

कळमन्याचे मिरचीवाले झाडे म्हणाले,
"ते छिद्र पाह्यलं का मॅडम, घोड्याच्या खाली?
मुंगी जाईन एवढं.
रातच्याले कोणी आलं, त मी चष्मा शोधू का किल्ली शोधू,
का त्यालेच म्हणू, बस बावा, दोन मिनिटं?"
रांग हसली. मेश्रामही.

फॉरेस्टमधून रिटायर झालेले उमाठे साहेब
शर्टाची कडक घडी न मोडता बोलतात:
"एक पुर्जा वाढला की एक बिघाड वाढला.
माझ्या मित्राचं लॉक तिसऱ्या गोळीच्या धक्क्यानं
आपोआप लागलं. रेंजवर होता म्हणून बरं."
कोणता मित्र, कुठली रेंज, ते राहिलं.
अशा गोष्टींतला मित्र नेहमी बालाघाटचा असतो.

जरीपटक्याचे तोलानी उत्साहात सांगू लागले,
की इतवारीतला एक मिस्त्री लॉक काढून देतो,
छिद्र बुजवतो पितळेनं, दाताच्या डॉक्टरसारखं,
आणि मग त्यांना माझी वर्दी दिसली.
"म्हणजे, लोक असं करतात म्हणे."
मी पेन उचललं. ठेवलं.

"मले त लॉक पाह्यजेच," रहांगडाले काकू म्हणाल्या.
नवऱ्यामागे लायसन्स त्यांच्या नावावर आलंय.
"नातू चार वर्षाचा. कपाट उघडते, माहा फोन उघडते.
किल्ली मी डाळीच्या डब्यात ठेवतो."
"आता सगळ्याइले समजलं नं, काकू."
"समजू दे. डाळीचे डबे अकरा हायेत."

शेवटी घाटोळे. काटोल रोडचा पेट्रोल पंप.
रांगभर एक शब्द नाही बोलले.
पिशवी टेबलावर ठेवली, आणि माझ्याकडे नाही,
झाडेंकडे पाहून म्हणाले,
"मले बी नव्हती सापडली."
"काय?"
"किल्ली. रातच्याले. तुम्ही म्हनता नं तसंच.
बायको माहेरी गेलती, अकोल्याले.
सारे ड्रॉवर उलटे केले. देवघर बी.
गादी फाडली. तवापर्यंत दूधवाला आला."
"मंग?" झाडेंचे डोळे मोठे. "अन् चोर?"
"चोर नव्हता," घाटोळे म्हणाले.
"घरात मीच होतो."

मोटर गरगरत राहिली.
उमाठे साहेबांनी आपली पावती
चष्म्याशिवायच वाचायला घेतली.
मेश्रामने रिव्हॉल्व्हर हातात धरलं, अंगठ्याने दाबलं,
पुन्हा दाबलं. "मॅडम, हे उघडत नाही."
"नाही उघडनार," घाटोळे म्हणाले.
"किल्ली?"
"तिच्यापाशी. कुठं ठेवते, मी विचारत नाही."

नियमाने परत पाठवायला हवं होतं.
घरं पाहिल्याशिवाय जमा करून घेता येत नाही.
मी त्यांना परत पाठवलं नाही.
बायकोचा नंबर मागितला, त्यांनी पाठ म्हणून दाखवला,
लहान मुलासारखा, दोन-दोन आकडे करून.

रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना शेऱ्याचा,
दोन बोटं रुंद.
लिहिलं, लॉक लागलेले. किल्ली नाही.
'नाही' खोडलं. वर बारीक अक्षरात 'घरी' लिहिलं.
खाडाखोडीवर सही केली.

गुलाबी पावतीची त्यांनी चार घड्यांची चिमूट केली.
दारापर्यंत गेले, वळले.
"मॅडम, निकालानंतर न्याले यायची
तारीख उलटली, त काय होते?"

मी परिपत्रक चाळू लागले.
पानं मागून पुढे, पुढून मागे.
माहीत होतं मला उत्तर.